बीएसडीचा वारसा मोजायचा तरी कुठे?

मूळप्रत

मागच्या आठवड्यात ऑपरेटिंग सिस्टिमवरच्या एका धाग्यात कुणीतरी सहज लिहून गेलं, "बीएसडी आता कोण वापरतं? ती संपली." (बीएसडी म्हणजे बर्कली विद्यापीठात युनिक्सवरून घडत गेलेली ऑपरेटिंग सिस्टिम.) त्या धाग्यातच उत्तर लिहायला घेतलं, पण ते लांबत गेलं, म्हणून वेगळा धागा काढतोय.

"संपली" हा शब्द मला लागला. त्याच दिवशी सकाळी मी नव्याने रुजू झालेल्या एका सहकारी मुलीला शेजारी बसवून एक अडलेला सर्व्हर तपासत होतो. एसएसएचने (दूरच्या मशीनवर सुरक्षित शिरायचं साधन) आत शिरलो, पिंग मारून समोरचं मशीन उत्तर देतंय का पाहिलं, नेटस्टॅट चालवून कुठलं कनेक्शन लटकलंय ते शोधलं, व्हीआय या एडिटरमध्ये एक ओळ बदलली आणि बाहेर पडलो. चार मिनिटांचं काम. सर्व्हर लिनक्सचा होता. पण हातात घेतलेलं प्रत्येक हत्यार मुळात बीएसडीच्या घरातलं. व्हीआय बिल जॉयने बर्कलीत विद्यार्थी असताना लिहिला. नेटस्टॅट ४.२ बीएसडीबरोबर आला. पिंग माइक म्यूसने डिसेंबर १९८३ मध्ये बीएसडीच्याच मशीनवर लिहिला. ओपनएसएसएच, म्हणजे एसएसएचची आज सर्रास वापरली जाणारी आवृत्ती, तर ओपनबीएसडी या बीएसडीच्या शाखेचं. लिनक्सवर यातल्या काहींचा कोड नंतर नव्याने लिहिला गेला हे खरं, पण नावं, पर्याय, बोटांना पडलेलं वळण हे सगळं तिथलंच. त्या मुलीला यातलं काहीच माहीत नव्हतं, आणि दोष तिचा नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

थोडी पार्श्वभूमी देतो. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुढे जावं.

युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम १९६९ मध्ये बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या हातून सुरू झाली. बेल लॅब्जची मालक एटी अँड टी. तिला अमेरिकी सरकारशी झालेल्या समझोत्यामुळे टेलिफोन सोडून दुसऱ्या धंद्यात उतरता येत नव्हतं, म्हणून विद्यापीठांना युनिक्स थोडक्या पैशांत आणि सोर्स कोडसकट मिळायची. १९७५ मध्ये थॉम्पसन वर्षभरासाठी कॅलिफोर्निया विद्यापीठात, बर्कलीला शिकवायला आला. त्याने तिथे पास्कल या प्रोग्रॅमिंग भाषेचं जे काम सुरू केलं ते बिल जॉय आणि चक हेली या दोन विद्यार्थ्यांनी पुढे नेलं. बाहेरून मागणी यायला लागली तसं मार्च १९७८ मध्ये जॉयने सगळं एका टेपवर घातलं आणि नाव दिलं बर्कली सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन. त्या पहिल्या टेपच्या साधारण तीस प्रती गेल्या. तेव्हा ती ऑपरेटिंग सिस्टिमही नव्हती, युनिक्सवर घालायची भर होती. १९७९ च्या अखेरीस तिसरी आवृत्ती आली, तिच्यात व्हॅक्स मशीनसाठी व्हर्च्युअल मेमरी (असलेल्या मेमरीपेक्षा मोठे प्रोग्रॅम चालवायची सोय) होती, आणि तिथून गाडं बदललं. अमेरिकी संरक्षण खात्याच्या डार्पा या संस्थेला आपल्या सगळ्या संशोधकांसाठी एकच सिस्टिम हवी होती. त्यांनी बर्कलीला पैसा दिला.

त्या पैशाचं फळ म्हणजे ऑगस्ट १९८३ ची ४.२ बीएसडी. माझ्या मते आज आपण ज्याला इंटरनेट म्हणतो त्याचा पाया त्या एका टेपमध्ये होता. टीसीपी/आयपी, म्हणजे मशीनांनी नेटवर्कवरून एकमेकांशी बोलायचे नियम, ऑपरेटिंग सिस्टिमच्या आतच, वेगळं काही विकत न घेता. आणि ते वापरायला सॉकेट, म्हणजे प्रोग्रॅमला नेटवर्कशी जोडणारं टोक. सॉकेट उघडा, त्याला पत्ता बांधा, कान देऊन बसा, आलेल्याला आत घ्या. सॉकेट, बाइंड, लिसन, अ‍ॅक्सेप्ट, कनेक्ट. या पाच शब्दांवर पुढची चाळीस वर्षं गेली. विंडोजचं विनसॉकही याच घडणीवर बेतलेलं आहे.

त्याच टेपवर मार्शल कर्क मॅकुसिक यांची फास्ट फाइल सिस्टिमही होती. जुन्या फाइल सिस्टिमचा वेग डिस्क नवी असताना सेकंदाला १७५ किलोबाइटपर्यंत असायचा. काही आठवड्यांच्या वापराने फाइलींचे तुकडे डिस्कभर विखुरले की तो ३० वर यायचा. मॅकुसिक यांनी डिस्कचे गट पाडले आणि एका फाइलचे तुकडे शक्यतो एकाच गटात, जवळजवळ ठेवले. फाइलच्या नावाची १४ अक्षरांची मर्यादा २५५ वर गेली तीही इथेच. आज आपण फाइलीला पूर्ण वाक्यभर नाव देतो ते याच बदलामुळे.

तर माझं म्हणणं एवढंच: बीएसडी किती जणांनी इन्स्टॉल केली हे मोजून तिचा वारसा हाती लागत नाही. तिचा कोड, तिची रीत कुठे कुठे जाऊन राहिली ते पाहावं लागतं. तुम्हाला ती कुठे भेटली ते लिहा. विरोधी मतही हवंय.

नवखी_वाट

वाचनखूण साठवली. मूळप्रतदादा, एक प्राथमिक शंका. लिनक्सही युनिक्ससारखीच ना? मग बीएसडी आणि लिनक्स यांत नात्याने काय फरक?

मूळप्रत

@नवखी_वाट, शंका अगदी रास्त. बीएसडी थेट वंशातली आहे. बेल लॅब्जचा कोड बर्कलीत आला, तिथे त्याचा एकेक भाग बदलत गेला, आणि शेवटी मूळचं जवळपास काही उरलं नाही, पण साखळी तुटली नाही. लिनक्सचा एकलव्य झाला. गुरूच्या अंगणात पाऊल न टाकता, बाहेरून पाहून विद्या मिळवली. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, स्वतः नव्याने लिहिला. आणखी एक भेद रोजच्या वापरात जाणवतो. लिनक्स म्हणजे नुसता कर्नल, बाकीचं सामान वेगवेगळ्या ठिकाणांहून आणून डिस्ट्रो, म्हणजे वापरायला तयार संच, बांधतात. बीएसडीत कर्नल, सी लायब्ररी, एलएस-सीपी-ग्रेपसारख्या कमांड आणि त्यांची मॅन पेजेस (माहितीची पानं) हे सगळं एकाच सोर्स ट्रीमध्ये, एकाच मंडळींच्या हातून येतं.

पॅकेटमागे

फार छान धागा. नेटवर्किंग हेच माझं रोजचं काम, त्यामुळे १९८६ ची गोष्ट इथे लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ऑक्टोबर १९८६. एका टोकाला लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा, दुसऱ्या टोकाला बर्कलीचं विद्यापीठ. मध्ये अंतर चारशे यार्ड. या दोघांमधला वेग सेकंदाला ३२ हजार बिटांवरून एकदम ४० बिटांवर आला. ४० बिट म्हणजे सेकंदाला पाच अक्षरं. तेवढं अंतर चालायला पाच मिनिटं धरा. त्या वेळात नेटवर्कमधून पानभर मजकूर गेला असता. कागदावर लिहून हातात नेऊन दिला असता तरी तेवढ्यातच पोचला असता!

प्रयोगशाळेतल्या व्हॅन जेकबसन यांना प्रश्न पडला की हे बीएसडीच्या टीसीपीत काही चुकल्यामुळे आहे का. त्यांनी बर्कलीच्या माइक कॅरल्स यांच्याबरोबर ते खणून काढलं. झालं होतं असं: पॅकेट, म्हणजे पाठवलेल्या मजकुराचा तुकडा, हरवलं की प्रत्येक मशीन ते परत पाठवायचं. गर्दीमुळे हरवलेलं पॅकेट परत पाठवलं की गर्दी आणखी वाढायची, मग आणखी पॅकेटं हरवायची. उपाय असा निघाला की सुरुवात हळू करायची, पोच येत जाईल तसा वेग वाढवायचा, आणि पॅकेट हरवलं की ती गर्दीची खूण समजून स्वतःहून मागे सरायचं. वर कुणी पोलीस नाही, प्रत्येकाने आपल्यापुरतं आवरतं घ्यायचं. हा बदल जून १९८८ च्या ४.३ बीएसडी-टाहोमध्ये आला.

आता गंमत बघा. नेटवर्किंगच्या कुठल्याही पाठ्यपुस्तकात टीसीपी टाहो आणि टीसीपी रिनो ही दोन नावं येतात. शिकताना मला ती कुठल्या शास्त्रज्ञांची नावं वाटली होती. ती बीएसडीच्या दोन आवृत्त्यांची नावं आहेत! अल्गोरिदम कागदाआधी कोडमधून जगभर गेला, म्हणून त्याला टेपचं नाव चिकटलं.

अवांतर: टीसीपीडंप, म्हणजे नेटवर्कवरची पॅकेटं पाहायचं साधन, मी दिवसातून दहा वेळा चालवते. त्याच्या पोटात बीपीएफ आहे, म्हणजे बर्कली पॅकेट फिल्टर. मॅकॅन आणि जेकबसन यांचं १९९२ चं काम. हवी तीच पॅकेटं कर्नलमध्येच चाळायची आणि बाकीची वर येऊच द्यायची नाहीत, त्यासाठी कर्नलच्या आत एक चिमुकलं आभासी यंत्र. लिनक्सने २०१४ मध्ये तेच वाढवून ईबीपीएफ केलं. आज सर्व्हरवर देखरेख करणारी कितीतरी नवी साधनं त्यावर उभी आहेत, आणि नावातला 'बी' बर्कलीचा आहे.

अधोरेखित

+१. थोडक्यात भर घालतो.

व्हीआयमध्ये कर्सर हलवायला एच, जे, के, एल या कळा का? जॉय ज्या टर्मिनलवर काम करायचा त्या एडीएम-३ए च्या कीबोर्डवर बाणांच्या वेगळ्या कळाच नव्हत्या. डावा, खाली, वर, उजवा असे बाण याच चार अक्षरांच्या कळांवर छापलेले होते. त्याच कीबोर्डवर होम ही कळ आणि टिल्डे चिन्ह एकाच कळीवर होतं. युनिक्समध्ये आपल्या घरच्या फोल्डरला टिल्डेने हाक मारतो ती तिथून. ते टर्मिनल आता संग्रहालयात आहे, माझी बोटं रोज त्याच्यावर फिरतात.

समभाग

मूळप्रत, विरोधी मत हवंय म्हणालात म्हणून लिहितो. तांत्रिक थोरवी मला पूर्ण मान्य आहे. पण ज्या वारशाचं तुम्ही कौतुक करताय तोच मला सलतो.

बीएसडीचं लायसन्स सांगतं काय? कोड घ्या, बदला, विका, आमचा कॉपीराइट ठेवा, काही बिघडलं तर आम्ही जबाबदार नाही. बस. तुम्ही केलेला बदल परत दाखवायचं बंधन नाही. परिणाम बघा. नेक्स्ट कंपनीच्या नेक्स्टस्टेप या सिस्टिमने माक कर्नल आणि ४.३ बीएसडी एकत्र केलं, अ‍ॅपलने नेक्स्ट विकत घेतली, त्यातून मॅकओएस आणि पुढे आयफोन. प्लेस्टेशन ४ ची सिस्टिम फ्रीबीएसडी या बीएसडीच्या शाखेवरून निघालेली. ज्युनिपरचे राउटर फ्रीबीएसडीवरून. जगातल्या सगळ्यांत श्रीमंत कंपन्यांनी स्वयंसेवकांच्या कष्टावर इमले बांधले, आणि त्यातल्या कित्येक इमल्यांत सामान्य माणसाला स्वतःच्या मशीनवर हवा तो प्रोग्रॅम टाकायची मुभा नाही. जीपीएल (बदललेला प्रोग्रॅम वाटताना त्याचा कोडही द्यायला लावणारं, लिनक्सचं लायसन्स) असती तर निदान कर्नलचा कोड उघडा ठेवावा लागला असता.

लिनक्स पुढे का गेली? माझं ठाम मत, जीपीएलमुळे. दोन प्रतिस्पर्धी कंपन्या एकाच कर्नलमध्ये काम करू धजल्या, कारण दुसरा आपलं काम घेऊन दार लावून बसणार नाही याची हमी होती. बीएसडीत ती हमी नाही. जो देतो तो देतच राहतो.

तळटीप

समभागराव, तुमची कळकळ पोचली. पण "लिनक्स जीपीएलमुळे पुढे गेली" यात एक मोठा प्रसंग गळतोय. मी त्या काळात नुकता कामाला लागलो होतो आणि तो लांबून पाहिला आहे.

एटी अँड टीच्या लायसन्सचे दर वाढत चालले होते. जून १९८९ मध्ये बर्कलीने आपण स्वतः लिहिलेला नेटवर्किंगचा कोड वेगळा काढून दिला, तो नेट/१. टेपला हजार डॉलर, पण एकदा घेतल्यावर वाटेल त्याला फुकट वाटा. तरीही शेकडो संस्थांनी विद्यापीठाला पैसे देऊन टेप घेतली. मग कीथ बॉस्टिक यांच्या मनात आलं की उरलेलंही असंच मोकळं करावं. कॅरल्स आणि मॅकुसिक यांनी सांगितलं, कमांड आणि सी लायब्ररी तू नव्याने लिहून आण, कर्नलचं आम्ही बघतो. शेकडो कमांड होत्या. बॉस्टिक यांनी जाहीर आवाहन केलं: युनिक्सचा कोड न बघता, फक्त मॅन पेजमध्ये काय लिहिलंय त्यावरून कमांड पुन्हा लिहा. मोबदला एकच, योगदान देणाऱ्यांच्या यादीत त्या कमांडपुढे तुमचं नाव. दीड वर्षात जवळजवळ सगळं लिहून झालं. इंटरनेटवरून अनोळखी माणसांनी एकत्र येऊन पूर्ण सिस्टिम लिहायची ही रीत लिनक्सच्या आधी इथे दिसली.

जून १९९१ मध्ये नेट/२ बाहेर आली. पूर्ण सिस्टिम, फक्त कर्नलच्या सहा फाइली वगळून. बिल जोलिट्झ यांनी त्या सहा लिहिल्या आणि ३८६बीएसडी उभी केली, म्हणजे साध्या पीसीवर चालणारी बीएसडी. दुसरीकडे बीएसडीआय नावाच्या कंपनीने तीच गोष्ट ९९५ डॉलरला विकायला काढली आणि फोन नंबर घेतला १-८००-आयटीएस-युनिक्स. एटी अँड टीच्या युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीजने १९९२ मध्ये दावा ठोकला, पुढे विद्यापीठालाही ओढलं. विद्यापीठाने उलट दावा लावला की तुमच्या सिस्टिम व्ही या युनिक्समध्ये आमचा कोड आहे आणि त्यावरचं आमचं नाव तुम्ही दिलेलं नाही.

दरम्यान नॉव्हेलने युनिक्स सिस्टिम लॅबोरेटरीज विकत घेतली, आणि १९९४ च्या सुरुवातीला तडजोड झाली. निष्पन्न काय? नेट/२ च्या १८,००० फाइलींपैकी तीन काढायच्या, काहींत किरकोळ बदल, आणि सुमारे सत्तर फाइलींवर त्यांचा कॉपीराइट घालायचा. तीन फाइली! त्यासाठी दोन वर्षं प्रत्येक कंपनीचा वकील सांगत राहिला की बीएसडीला हात लावू नका. नेमकी तीच दोन वर्षं लिनक्स वाढली. ३८६बीएसडी आधी तयार असती तर लिनक्स बहुधा झालीच नसती असं खुद्द टोरवाल्ड्स १९९३ च्या एका मुलाखतीत म्हणाले आहेत.

तेव्हा जीपीएलचा वाटा आहेच, नाकारत नाही. पण कोर्टाचा वाटा त्याच्याआधी येतो.

आणि लायसन्सबद्दल एक. या कोडसाठी पैसा अमेरिकेच्या जनतेचा होता. त्या पैशातून झालेलं काम कुणालाही वापरता यावं, विक्रेत्यालासुद्धा, हा त्यामागचा विचार. टीसीपी/आयपीचा कोड प्रत्येक कंपनीला बिनअटीचा मिळाला, म्हणून तेव्हाच्या बाकीच्या नेटवर्कांना मागे टाकून तो सगळीकडे एकसारखा पसरला. अट असती तर मोठ्या कंपन्यांनी आपापलं वेगळं लिहिलं असतं आणि ते एकमेकांशी धड बोललं नसतं. मायक्रोसॉफ्टच्या जुन्या विंडोजमधली एफटीपी या फाइली पाठवायच्या प्रोग्रॅमची फाइल उघडून आतली अक्षरं वाचली तर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विश्वस्तांचा कॉपीराइट त्यात सापडायचा. मी स्वतः तो पाहिला आहे आणि तेव्हा अंगावर काटा आला होता.

कुलूपकिल्ली

तळटीपकाका, दंडवत.

मी ओपनबीएसडीच्या बाजूने लिहिते. वंशावळ एका दमात: १९९३ मध्ये ३८६बीएसडीच्या पोटातून नेटबीएसडी आणि फ्रीबीएसडी, १९९५ मध्ये थिओ डी राट यांनी नेटबीएसडीतून वेगळी काढलेली ओपनबीएसडी, २००३ मध्ये मॅथ्यू डिलन यांनी फ्रीबीएसडीतून काढलेली ड्रॅगनफ्लाय.

आधी घरची चूक. नोव्हेंबर १९८८ चा मॉरिस वर्म (आपोआप पसरणारा प्रोग्रॅम) ४ बीएसडी चालवणाऱ्या व्हॅक्स आणि सन मशीनवरच पसरला. फिंगर या, वापरकर्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेच्या सर्व्हरमध्ये गेट्स हे फंक्शन होतं, ते येणाऱ्या मजकुराची लांबी बघतच नाही. ईमेल पोचवणाऱ्या सेंडमेलमध्ये डिबगचं दार उघडं राहिलं होतं. ही दोन्ही बर्कलीची पोरं. म्हणून ओपनबीएसडीच्या मंडळींनी पुढे सोर्स कोड फाइलमागून फाइल वाचून काढायचं जे काम हाती घेतलं, ते मला या घराण्याने फेडलेलं ऋण वाटतं.

माझा अनुभव. काही वर्षांपूर्वी एका छोट्या उपकरणाच्या फर्मवेअरवर काम करत होते. उपकरण दोन-चार दिवसांतून एकदा आपोआप बंद पडायचं. तीन दिवस शोधलं. शेवटी निघालं असं की वापरणाऱ्याने दिलेलं नाव ३२ अक्षरांच्या जागेत एसटीआरएनसीपीवाय या सी भाषेतल्या फंक्शनने कॉपी होत होतं. नाव बरोबर ३२ अक्षरांचं किंवा लांब असलं की हे फंक्शन शेवटचा शून्य बाइट लिहीतच नाही, आणि पुढे वाचणारा कोड शेजारच्या मेमरीत शिरतो. कोड आमचाच, पण ती रीत आम्ही पाठ्यपुस्तकातून उचललेली. ओपनबीएसडीत १९९८ पासून यावर एसटीआरएलसीपीवाय आहे. ते शेवटचा शून्य नक्की लिहितं आणि मूळ मजकूर किती लांब होता ते परत सांगतं, म्हणजे कापला गेला का ते लगेच कळतं. लिनक्सवरच्या ग्लिबसी या सी लायब्ररीने हे फंक्शन घ्यायला २०२३ साल उजाडलं. पंचवीस वर्षं! आमचे तीन दिवस त्या पंचवीस वर्षांतले.

ओपनएसएसएचबद्दल इतकंच की ते डिसेंबर १९९९ मध्ये ओपनबीएसडी २.६ बरोबर आलं. तातू युलोनेन यांच्या मूळ एसएसएचच्या जुन्या, मोकळ्या आवृत्तीवरून. समभागराव, तुम्ही कुठल्याही लिनक्स सर्व्हरवर शिरता तेव्हा दार हेच उघडतं. त्या लायसन्समुळेच ते राउटरपासून विंडोजपर्यंत प्रत्येकाला घेता आलं. सुरक्षेची गोष्ट काही जणांकडेच असून भागत नाही. समोरच्याचं कुलूपही चांगलं लागतं.

समभाग

तळटीप, कुलूपकिल्लीताई, दोघांचे आभार. खटल्याचं महत्त्व मी कमी लेखत होतो, ते मान्य. ओपनएसएसएचचा मुद्दाही पटला. तिथे बिनअट देणंच योग्य होतं.

पण मूळ गोष्ट तशीच राहते. मागच्या वर्षी मी लॅपटॉपवर फ्रीबीएसडी टाकून बघितली. इन्स्टॉल सुरेख झालं, मॅन पेज वाचून खरंच समाधान वाटलं. वाय-फाय मात्र रडतखडत चाललं. हार्डवेअर बनवणारे ड्रायव्हर लिनक्ससाठी लिहितात. दुसरं, आज सगळे कंटेनर-कंटेनर (एकाच मशीनवर प्रोग्रॅम वेगवेगळे कोंडून चालवायची रीत) करतात, त्यात बीएसडीचं नाव कुठे आहे? कल्पना यांच्या आणि बाजार दुसऱ्याचा, याला मी वारसा म्हणू की नुकसान?

साठवण

कंटेनरचं मी सांगतो, कारण माझ्या घरच्या साठवणीच्या सर्व्हरवर सहा वर्षं फ्रीबीएसडी आहे आणि आठ जेल चालू आहेत. जेल म्हणजे त्याच कर्नलवर एक कोंडलेलं, स्वतंत्र मशीन असल्यासारखं घर. आतला रूट, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्ताही बाहेरच्याला हात लावू शकत नाही. पॉल-हेनिंग काम्प यांनी ते लिहिलं आणि मार्च २००० मध्ये फ्रीबीएसडी ४.० बरोबर आलं. डॉकर हे कंटेनरचं प्रसिद्ध साधन २०१३ चं. डॉकरने तयार इमेज बांधून सहज वाटायची सोय केली, ती बीएसडीवाल्यांना सुचली नाही, आणि बाजार तिने जिंकला. समभागराव, इथे तुमची नोंद बरोबर आहे. वाय-फायचीही.

"जो देतो तो देतच राहतो" हे मात्र पूर्ण खरं नाही. नेटफ्लिक्सचं उदाहरण घ्या. त्यांचे व्हिडिओ पाठवणारे सर्व्हर फ्रीबीएसडीवर चालतात. २०२१ मध्ये त्यांनी एकाच सर्व्हरमधून सेकंदाला ४०० गिगाबिट व्हिडिओ, तोही टीएलएसने कूटबद्ध केलेला, बाहेर काढून दाखवला. युक्ती अशी की फाइल डिस्कवरून नेटवर्क कार्डाकडे जाताना मध्ये प्रोग्रॅमच्या मेमरीत येतच नाही, कूटबद्ध करण्याचं कामही कर्नलमध्ये किंवा कार्डावर होतं. हे बदल त्यांनी फ्रीबीएसडीला परत दिले. कुणी सक्ती केली नव्हती. पण बदल स्वतःजवळ ठेवले तर दर नव्या आवृत्तीला ते पुन्हा जुळवत बसावे लागतात, आणि ते ओझं दरवर्षी वाढतं. परत देणं स्वस्त पडतं. दुसरं, व्हॉट्सअ‍ॅपचे सर्व्हर सुरुवातीच्या काळात फ्रीबीएसडी आणि अरलँग या भाषेवर होते. २०१२ मध्ये एका सर्व्हरवर वीस लाख कनेक्शन धरल्याचं त्यांनी लिहिलं होतं. त्यांचे संस्थापक जॅन कूम यांनी २०१४ मध्ये फ्रीबीएसडी फाउंडेशनला दहा लाख डॉलर दिले.

सगळे असे वागत नाहीत, हे मान्यच. पण सगळे बुडवतात असंही नाही.

पॅकेटमागे

साठवण यांच्या मुद्द्याला जोडून: वीस लाख कनेक्शन धरायची म्हणजे कुठल्या कनेक्शनवर काही आलंय हे प्रत्येकाला विचारत फिरून चालत नाही. फ्रीबीएसडीत २००० मध्ये जोनाथन लेमन यांचं के-क्यू आलं, त्यात कर्नलच सांगतो की या इतक्यांवर हालचाल आहे. लिनक्सवर त्याच जातीचं ई-पोल नंतर आलं.

नवखी_वाट

सगळ्यांचे मनापासून आभार. हा धागा मी दोनदा वाचला. काल रात्री व्हर्च्युअल मशीनमध्ये फ्रीबीएसडी टाकली. सुरू होताना भराभर ओळी गेल्या, त्यातली एक मी थांबवून वाचली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या विश्वस्तांचा कॉपीराइट, आणि त्याआधी सालं: १९७९, १९८०, १९८३, १९८६, १९८८, १९८९, १९९१, १९९२, १९९३, १९९४. धागा वाचलेला नसता तर नुसते आकडे म्हणून सोडून दिले असते. यातली काही मला ओळखू आली! १९८३ म्हणजे ४.२. १९८८ म्हणजे टाहो, ते चारशे यार्ड. १९८९ आणि १९९१ म्हणजे तळटीपकाकांच्या नेट/१ आणि नेट/२. बाकीच्यांचं सांगाल का? आणि १९९४ ला यादी का थांबते?

मूळप्रत

@नवखी_वाट, तुझा हा प्रतिसाद वाचून धागा काढल्याचं सार्थक झालं.

१९७९ आणि १९८० ही व्हॅक्सची पहिली वर्षं, तिसरी आणि चौथी आवृत्ती. १९८६ म्हणजे ४.३. १९९४ च्या जूनमध्ये ४.४ बीएसडी-लाइट आली, खटल्यातून सुटलेली, पूर्ण मोकळी. फ्रीबीएसडी आणि नेटबीएसडी या दोघींनी आपलं घर त्या पायावर पुन्हा बांधलं. पुढच्या वर्षी एक शेवटची दुरुस्त आवृत्ती काढून बर्कलीतला तो गट बंद झाला. म्हणून यादी तिथे थांबते, आणि पुढची वर्षं त्याच्या वरच्या ओळीत फ्रीबीएसडीच्या नावावर दिसतात.

राहिली १९९२ आणि १९९३. त्या दोन वर्षांत कोर्टात तारखा पडत होत्या. कोड वाटायची परवानगी राहील की नाही हे कुणालाच सांगता येत नव्हतं. तरी बर्कलीतली ती मोजकी माणसं रोज येऊन ४.४ चं काम करत होती. ती सालं त्या कामाची आहेत.

आता त्याच मशीनवर मॅन नेटस्टॅट लिही आणि अगदी खाली इतिहास या भागापर्यंत जा.